शेडच्या भिंतीवरची फ्रेंच गाडी

रवि. १४ सप्टें.

सडा टाकून झाला होता. चुलीवर पाणी तापत होतं, म्हशीची धार राहिली होती. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या आणि मी ज्वारीचं पीठ मळायला घेतलं होतं. तेवढ्यात हायवेकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॅक्टरच्या मागं दोराला बांधून ती गाडी आली. पिठाचे हात तसेच घेऊन मी दाराशी गेले. सासूबाई म्हणाल्या, "आगं, तवा तापलाय." तवा तापत राहिला.

चाळीस वर्षांच्या वर झाली. आज सकाळपासून तीच सकाळ डोळ्यांपुढं येते, कारण काल वाचनालयात रविवारची पुरवणी आली (आमच्या येडशीला ती शनिवारीच येते) आणि तिच्यात त्या गाडीची टिंगल.

नाव देत नाही. आमच्या घरात ती "फ्रेंच" एवढ्याच नावानं होती. लेख कुणा पुण्याच्या माणसाचा. जगातल्या कुरूप गाड्या म्हणून दहा गाड्या, आणि आपली चौथी. काय लिहावं माणसानं! पुढून राजवाडा, मागून खुराडं म्हणे. मागची चाकं चोरीची असल्यासारखी झाकलीत म्हणे. आणि शेपटीपाशी आराखडा करणाऱ्याचा कागद संपला असावा, म्हणून तिथंच कापून टाकली.

ह्यानं ती जवळून बघितली आहे का? नसणार. बघितली असती तर असं लिहवलं नसतं.

फोटोही धड नाही. तिरका घेतलाय, शेपूट तोडल्यासारखी दिसते. खरी शेपूट कशी उतरत जाते ते आमच्या शेडच्या भिंतीवर येऊन बघावं.

घरी येऊन दोन भाकरी केल्या. एकच खाल्ली. राग आला की माझं असंच.


मंगळ. १६

भाऊजी आले होते. धाकटे दीर. हे गेल्यावर ह्यांच्या डेंटिंगच्या शेडचं तेच बघतात. चहा घेतला, पावसाचं बोलले, मग मुद्द्यावर.

"वहिनी, शेडला भाडेकरू आलाय. टाइल्सचं दुकान टाकतो म्हणतो. पवार. माणूस सरळ हाय."

"टाकू द्या की."

"मागच्या भिंतीला प्लास्टर करून नमुन्याच्या टाइल्स लावणार हाय तो."

"मागची भिंत नाही."

"मागची न्हाय? मग काय टाइल्स आभाळाला चिकटवायच्या व्हय?"

ते हसत होते, आणि मी हसत नाही म्हटल्यावर थांबले.

"वहिनी, दादाला जाऊन दीड वर्ष झालं. शेड बंद हाय, पत्रा गंजतोय. दादाला आवडलं असतं व्हय हे?"

नसतं आवडलं. ह्यांना गंज आवडत नव्हता, तेवढं भाऊजी खरं बोलले. पण भिंतीवर ह्यांच्या हातची गाडी आहे. नाकापासून शेपटीपर्यंत, एकास एक मापाची, चुन्यावर गेरूची रेघ. ती पुसून वर फुलांच्या टाइल्स?

पितृपक्ष चालू आहे म्हणून आत्ता कुणी कामाला हात लावणार नाही. दसरा झाला की सोमवारी गवंडी. भाऊजींनी तारीखसुद्धा ठरवून टाकली आहे. महेशला फोन करून झालाय, तो व्हय म्हणाला. माझा मुलगा. मला विचारायच्या आधी व्हय म्हणाला.


गुरु. १८

आज पेपरला पत्र लिहिलं. चार पानं. आयुष्यात पहिल्यांदा. चौथीत शाळा सुटली, पुढचं वाचन स्पेअर पार्टच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, तरी मला रांगेत मांडता येतं. काय लिहिलं ते इथंही ठेवते. त्यांनी नाही छापलं तर निदान कुठंतरी असावं.

गाडी एका फ्रेंच साहेबाची. तो आणि त्याची बायको सोलापूरकडून वेरूळला निघाले होते. येडशीच्या अलीकडं बाभळीला धडक. डावं मडगार्ड आत गेलेलं, चाकाला घासत होतं. हे तेव्हा ट्रक आणि जिपांचं डेंटिंग करायचे. पत्रा ठोकून सरळ करायचा, खड्डा राहिला तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग. पण ह्यांना लांबी भरणं म्हणजे खोटं बोलणं वाटायचं. ठोकूनच सरळ करायचं.

तर पहिल्याच दिवशी हे गाडीच्या मागं उभं राहून म्हणाले, ही मागून पण दाबली गेलीय. दोन ट्रकांच्या मध्ये सापडली असणार. बघणारे सगळे म्हणाले, व्हय, दाबलीय. कारण मागची बाजू पुढच्यापेक्षा वीतभर अरुंद. आमच्याकडच्या कुठल्या गाडीला तसं असतं? ह्यांनी आतून जॅक लावायला घेतला. मागून रुंद करून द्यायची, साहेबाला न सांगता, फुकट. चांगुलपणानं.

मी चहा घेऊन गेले होते. गळ्यात टेप तशीच, ब्लाउज कापता कापता उठले होते. मला ते दबलेलं वाटेना. सासूबाई नव्हत्या जवळ, म्हणून धीर केला. टेप लावली. मधल्या रेघेपासून डावीकडं जेवढं, उजवीकडं तेवढंच. सुताचा फरक नाही.

म्हटलं, "मार बसला असता तर एक अंग कमी-जास्त भरलं असतं. हे कापतानाच कमी केलंय. छातीला रुंद, कमरेला बारीक."

हे टेपकडं बघत राहिले. मग जॅक काढला.

त्या दिवसापासून त्यांनी मापाच्या बाबतीत माझा शब्द कधी मोडला नाही.

म्हणून पत्रात लिहिलं, जिला कंबर आहे तिला तुम्ही खुराडं म्हणता. मागची चाकं झाकलीत, बरोबर. साडीचा घोळ पायावर येतो तेव्हा पाय दिसत नाहीत, चाल दिसते. तसं आहे ते. पुढचे सहा दिवे काचेच्या आत ठेवलेत, समईला वाऱ्यापासून आडोसा करावा तसे. आतले दोन स्टिअरिंगबरोबर वळतात. माणूस ज्या वाटेला जाणार तिकडं आधी बघतो, तेवढी साधी गोष्ट बाकीच्यांना सुचली नाही. आणि सुरू केली की ती उठते. आधी मागून, मग पुढून. म्हैस उठते तशी. अख्खी येडशी हसली होती, आणि हसता हसता गप्प झाली होती.

तिच्यात खोट नाही असं मी म्हणत नाही. स्टिअरिंग अंड्याच्या आकाराचं आणि त्याला दांडी एकच. ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही नाही.

शेवटी लिहिलं, शेपटीचा तुमचा फोटो खोटा आहे. ती कापलेली नाही. छतापासून खालपर्यंत एका रेघेत उतरते, पदर खांद्यावरून सोडावा तशी. माझ्याकडं मापाचं चित्र आहे.

"खोटा" शब्दाखाली रेघ मारली. पोस्टात टाकून आले.


रवि. २१, सर्वपित्री

ह्यांचं पान वाढलं. खीर, वडे, गवारीची भाजी. कावळा लवकर आला. भाऊजी म्हणाले, दादा खूश हाय. मी म्हटलं, त्यांना खीर आवडायचीच, त्यात काय.

जेवणं झाल्यावर पवार टाइल्सवाला आला. शेड उघडून दिली. बाई म्हणून मी बाहेर थांबावं असं त्याला वाटलं असेल, मी आत गेले.

"काकू, ही कशाची घोरपड काढलीय?"

"गाडी आहे."

"गाडी? अशी? हिला मागं डिक्की कुठाय?" मग स्वतःच्या गाडीकडं बोट. "ती बघा. पांढरी. मागनं कशी चौकोनी. चार पोती आरामात बसत्यात."

"पोती भरायची तर टेंपो घ्यायचा."

भाऊजींना ठसका लागला. पवार हसला, वाईट माणूस नाही. पण जाता जाता त्यानं किल्लीनं भिंतीवर टकटक केलं, बोनेटच्या रेघेवर. चुना पडला. बोटभर पडला. म्हणाला, "पोपडं धरलंय, प्लास्टर लागंलच."

तो पडलेला चुना मी पुडीत बांधून ठेवलाय. कशासाठी, माहीत नाही.

महेशचा फोन. म्हणाला, "आई, भिंत ती भिंत. आणि खरं सांगू, त्या गाडीला लोक तेव्हाही हसायचे, आजही हसतात. बाजारात चालली नाही ती. कंपनीत आम्ही..."

मी फोन ठेवला. तो पुण्यात मोटारींच्या कारखान्यात रंग खात्यात आहे. रंग कशावर चढतो ते बापानं शिकवलं, हे विसरतो.


बुध. २४, तिसरी माळ

दिवसभर मशीनवर. नवरात्रात ब्लाउजांची घाई. हात चालतो, डोकं शेडमध्ये.

ह्यांनी शेवटचे दोन महिने खाट शेडमध्येच टाकायला लावली होती, भिंतीसमोर. दम लागायचा, बोलणं कमी. मी शेजारी बसून पेपर वाचून दाखवायची. गाड्यांचं पान आधी. कुठल्याही नव्या गाडीचं चित्र दाखवलं की भिंतीकडं बघून मान हलवायचे, म्हणजे हिच्या पासंगाला पुरत नाही.

एकदा शेपटीकडं बोट केलं. म्हणाले, "मागं जरा..." आणि हसले. पुढं बोललेच नाहीत. मी मागची खिडकी उघडली. वारा हवा असेल म्हणून.

आज पेपर बघितला. पत्र नाही.


बुध. १ ऑक्टो., खांडेनवमी

महेश काल आला. एकटाच, सुनेला सुट्टी नाही.

सकाळी शेडमध्ये पूजा मांडली. हातोडे चार, ऐरण, पत्र्याच्या मागं धरायची डॉली, कात्री. पुसून, तेलाचा हात देऊन, पाटावर. माझी टेप आणि कात्री पण शेजारी ठेवली, दर वर्षीसारखी. मागच्या साली भाऊजींना वाटलं होतं मी पूजा करू नये. ह्या साली कुणी बोललं नाही. झेंडू वाहिला. आज हत्यारांना सुट्टी, म्हणून आम्हीही बसून होतो.

महेश भिंतीकडं बघत होता. मग मोबाइलमध्ये काहीतरी शोधलं. मग भिंतीपाशी गेला, परत आला, परत गेला.

"आई, इकडं ये."

मोबाइलमध्ये तीच गाडी. तोच काकवीचा रंग. हळूहळू फिरत होती, कुणीतरी भोवती चालत चित्रीकरण केलेलं. बाजूनं अगदी सरळ आली तेव्हा त्यानं थांबवली.

"बघ. आता भिंतीकडं बघ."

नाक, तेच. बोनेट, तेच. दार, खिडकीची मागं चढत जाणारी रेघ, तीच. छतावरून उतार घेतला, तोही तोच. आणि मग तो उतार मध्येच संपत होता. सुरीनं कापल्यासारखा. खाली सरळ पाडलेलं. पेपरातल्यासारखंच.

आमच्या भिंतीवर तो उतार थांबत नाही. अजून हातभर पुढं जातो, खाली झुकतो, बंपरशी जाऊन मिळतो.

"दुसऱ्या सालातली असेल," मी म्हटलं.

"एकच शेपूट होती आई तिला. सगळ्या तशाच."

"मग तुझे वडील चुकले म्हणतोस?"

"मी काय म्हणत न्हाय." पुण्यात राहून बोलणं बदललंय, पण घाबरला की आमच्यासारखं बोलतो. "अण्णा मापात चुकत नव्हते. म्हणूनच तर कळंना."

मी बाहेर आले. झेंडूची उरलेली फुलं दाराला लावायची होती ती लावली.


शुक्र. ३

काल दसरा. सोनं वाटलं. कुणाला काय बोलले आठवत नाही.

आठवलं ते वेगळंच, आणि आज दिवसभर त्याचा राग आहे. ह्यांच्यावर. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, म्हणू दे.

भिंतीवरचं चित्र दोन वेळा झालं होतं. पुढचा भाग गाडी समोर असताना. मडगार्डला फर्मा हवा होता, म्हणून चांगल्या उजव्या बाजूवरून ओळंबा सोडून, दोऱ्यानं मापं घेऊन त्यांनी भिंतीवर रेघ मारली. दारापर्यंत. तेवढंच काम होतं. नवव्या दिवशी गाडी गेली. साहेबाच्या बायकोनं माझा हात धरला होता, काय बोलली ते मला कळलं नाही.

पुढं महिनाभर भिंतीवर अर्धी गाडी. मला बघवेना. एका संध्याकाळी म्हटलं, "पुरी करा की."

म्हणाले, "माप कुठाय?"

"मला आठवतंय ना."

दोऱ्याचं एक टोक ह्यांच्या हातात, एक माझ्या. हे खिडकीपाशी, मी शेपटीपाशी. त्यांनी छताचा उतार आणला आणि थांबले. मी म्हटलं, "अजून खाली घ्या." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "घ्या खाली. पदर सोडल्यासारखी होती ती." हे म्हणाले, "बरं. तुझं माप."

आणि घेतली.

त्यांना माहीत होतं. नऊ दिवस ज्यानं त्या पत्र्यावर हात फिरवला त्याला शेपूट कुठं संपते ते माहीत नसणार? एक शब्द बोलले नाहीत. जॅकच्या वेळी मी बरोबर निघाले होते, म्हणून? का तेव्हा नवी नवरी होते म्हणून? चाळीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती भिंत दाखवली. "बघा, एकास एक." ट्रकवाल्यांना, मास्तरांना, महेशच्या सोयऱ्यांना. खड्ड्यात लांबी भरणं ज्याला खोटं वाटायचं त्या माणसानं!

आणि मी त्या पुण्याच्या माणसाला लिहिलं, तुमचा फोटो खोटा. खाली रेघ मारून. पत्र गेलंय. आता ते छापू नये एवढंच.

म्हणजे मी जिच्यासाठी भांडले ती फ्रेंचांची नव्हतीच. पुढून त्यांची, मागून माझी.

पण एक सांगते, आणि हे रागात नाही. दोन्ही शेपट्या मी आज शेजारी धरून बघितल्या. महेशचा मोबाइल आणि भिंत. कापलेली वाईट नाही. तिथं संपते म्हणून वेगात वाटते, वाक्य मध्येच सोडून उठून गेलेल्या माणसासारखी. कापणाऱ्याला नक्की माहीत होतं कुठं थांबायचं. कागद-बिगद संपला नव्हता त्याचा. तो पुण्याचा माणूस चूक ते चूकच.

माझीही वाईट नाही.


मंगळ. ७

महेश रविवारी गेला. बॅग खांद्यावर घेऊन शेडच्या दारात उभा.

"काकाला काय सांगू? उद्या गवंडी येणार."

"येऊ दे."

"मग भिंत?"

"बघते."

"मी फोटो काढलेत आई. चांगले. मोठे करून देतो, फ्रेम करून."

"फोटोत माप नसतं."

तो आत येऊन शेपटीपाशी थांबला. मग म्हणाला, "शेपूट कुणाची चुकली? अण्णांची का तुझी?"

बापासारखाच हसत होता. त्याला कुणी सांगितलं नाही, स्वतःच ओळखलं असणार. मी म्हटलं, "एसटी जाईल तुझी."

संध्याकाळी भाऊजी सांगून गेले, पवार दिवाळीच्या पाडव्याला दुकान उघडणार, तोपर्यंत सगळं झालं पाहिजे. मी त्यांना व्हय म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

काल गवंडी आला. त्याला आधी पुढची पायरी करायला सांगितली. मग रेघ कापडावर मापानं उतरवून घ्यायला मी बाजारात जाऊन पातळ मलमल आणली, पाच-पाच मीटरच्या दोन पट्ट्या मशीनवर जोडल्या, पाणी मारून भिंतीवर खिळ्यांनी ताणल्या. खालची गेरूची रेघ दिसायला लागली. शिवणाचा खडू घेऊन नाकापासून गिरवायला बसले. दिवस मावळायला खिडकीपर्यंत आले, आणि छताचा उतार सुरू होतो तिथं खडू खाली ठेवला. शेपूट राहिलीय, त्यांची का माझी ते ठरायचंय.